ओढ्याची जागा

आमच्या गावाच्या विकास आराखड्याचा नकाशा नगरपरिषदेच्या सभागृहात लावला होता. शेजारच्या वत्सलाताई त्यावरच्या एका रेघेवर बोट टेकवून उभ्या राहिल्या. जिथे ओढा वाहतो, तिथेच रस्ता दाखवला होता.

“साहेब, इथे ओढा आहे,” त्या म्हणाल्या.

“उन्हाळ्यात कोरडाच असतो ना?” अधिकारी म्हणाले. “आणि रस्ता तर तुम्हालाच हवाय. मग तो न्यायचा कुठून?”

ताईंनी बोट जरासं सरकवलं. “इथून न्या. हे आमचं परसदार आहे.”

मी बघतच राहिलो. बाकी आम्ही सगळे आपापलं घर वाचतंय का, एवढंच शोधायला आलो होतो. गाव पुढे वाढणार, तर पाण्याची वाट मोकळी ठेवायला कुणाला तरी आपणहून मागे सरकावंच लागतं.

सुनावणीतही ताई हेच ठामपणे बोलल्या. शेवटी ओढा वाचवून आराखडा मंजूर झाला. त्या दिवशी परतताना मी विचारलं, “वाईट नाही वाटत?”

“वाटतं ना. परसातला आंबा सासूबाईंनी लावलेला,” त्या म्हणाल्या. “या उद्या घरी. यंदाच्या कैऱ्या उतरवून गल्लीत वाटून टाकू.”