कोपऱ्यातल्या बापाचा हात

फोन आला तेव्हा मी राजुरीच्या घरी पत्रकांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधत होते. पलीकडे नसरीनचे वडील होते. त्यांनी फक्त माझं नाव घेतलं आणि थांबले... ती गेली, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

नसरीन जुन्नरच्या कापडदुकानदाराची मुलगी, कॉलेजातली माझी मैत्रीण. कलेचा इतिहास शिकायला पुण्याला गेली आणि एका चित्राची झेरॉक्स घेऊन आली. सतराव्या शतकातलं, बरोक काळातलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं मुद्राचित्र. गोष्ट ग्रीकांची. अपोलो देव डाफ्नीच्या मागे लागतो, ती नको म्हणून पळते, सापडणार तेवढ्यात बापाला हाक मारते. बाप नदीचा देव. तो तिला झाड करून टाकतो. यावर तिचा प्रबंध होता. मी वाढले पत्रकं वाचत. आमच्या भिंतीवर तसबिरी नव्हत्या, मोर्चांचे फोटो होते. चित्र पाहताच मी निकाल दिला : देव गुन्हेगार, बाप त्याचा साथीदार. पोरीला झाड करता येतं आणि देवाला अडवता येत नाही?

"तू चित्र बघतच नाईस," नसरीन हसून म्हणाली. "खटला चालवतीस."

तिचं म्हणणं, मी डावीकडून बघायला सुरुवात केली, म्हणून मला आधी देव दिसला. ती लहानपणापासून उर्दू वाचणारी, तिची नजर उजवीकडून शिरली आणि तिला आधी कोपऱ्यात बसलेला म्हातारा बाप भेटला. मग तिने भिंग दिलं. कातडी कुठे संपते आणि साल कुठे सुरू होते ते दाखव, म्हणाली. मला दाखवता आलं नाही. कोरणाऱ्याने एकच रेघ न तोडता पुढे नेली होती.

अडलं ते बापाच्या हातापाशी. तो वर केलेला आहे. कशासाठी? आशीर्वाद आहे असं लिहा आणि पुढे चला, असं मार्गदर्शक म्हणाले. नुसतं वाटतं म्हणून ती लिहायला तयार नव्हती. शिनोलीला माझ्या आजोळी आली तेव्हा तिने मामांना खुर्चीत बसवून हात वर करायला लावला आणि चहूबाजूंनी फिरून पाहिलं. "पोरी, मी एस्टी थांबवतोय का गं?" मामांनी विचारलं. तिने तेही टिपून घेतलं. पण परिच्छेद काही पुरा होईना.

मग तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिससाठी पुण्याला जाणं, येणं, पुन्हा जाणं... त्या रस्त्यावर जीपमध्येही ती त्या हाताबद्दलच बोलायची. शेवटच्या भेटीत तिची कातडी काळवंडून खरखरीत झाली होती. मनगट माझ्यापुढे धरून म्हणाली, "साल यायला लागली बघ." मी चिडले, उठले. तिने मला पुन्हा बसवलं.

ती गेल्यावर मी एक पत्रक लिहिलं. श्वासाइतक्या गरजेच्या उपचारासाठी आजारी माणसाला इतकं लांब का जावं लागतं, यावर. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि मी ते वाटणार आहे. पण नसरीन त्यात कुठेच नाही.

परवा जुन्नरला गेले. चाचा, म्हणजे तिचे वडील, तिच्या टेबलापाशी बसले होते, समोर ते चित्र. तिचं काय अडलं होतं ते मी सांगितलं. त्यांनी चित्र जवळ ओढलं.

"दवाखान्यात तिला आत नेलं नि दार लावलं," ते म्हणाले, "तवा माझाबी हात असाच वर गेला व्हता, बेटा. कशाला, ते मला न्हाई कळलं."

त्यांनी हात मांडीवर ठेवला. निघताना मी चित्र मागितलं. अपुरा प्रबंध निदान नीट लावून ठेवावा, असं मनात होतं. चाचांनी ते दिलं नाही. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती, तरी ते खुर्चीतून उठले नाहीत.

"ऱ्हाऊ दे इथंच," ते म्हणाले. "तिच्यापाशी कोनीतरी बसाया पायजे."