दिसणारी दोरी

मास्तरांनी आयुष्यभर न दिसणारा धागा निवडला. शिंप्याचं कामच ते. गिऱ्हाइकाचं कापड आलं की ते रिळांच्या कपाटापुढे उभे राहत, पण रिळावरून रंग कधी ठरवत नसत. गुंडाळलेला धागा गडद दिसतो. त्याचा एक पदर ओढून कापडावर आडवा टाकायचा, दाराशी उजेडात न्यायचा, आणि तो कुठे गेला हे शोधावं लागलं, की समजायचं, हाच तो.

म्हातारपणी दुकान बंद करून मास्तर समुद्रावर गळ टाकायला जाऊ लागले, तेव्हाही त्यांनी त्याच सवयीने दोरी निवडली. पाण्यासारखी, बिनरंगी. माशाला दिसता कामा नये, एवढाच विचार. ती त्यांनाही दिसत नव्हती, पण त्यावाचून काही अडत नव्हतं. शेजारी बायको बसलेली असायची. उभा जन्म दुकानात काज-बटणं करूनही तिची नजर शाबूत होती. ती धाकट्या जावेचं काहीबाही सांगत असायची, आणि मधेच, सूर न बदलता म्हणायची, "अहो, हलली." मास्तरांचा हात उठायचा. मासा वर यायचा. जावेची गोष्ट पुढे सुरू व्हायची.

मास्तरांच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणत. तीही म्हणायची, हात त्यांचाच हो, मी नुसती बडबड करते.

ती गेली. मास्तर रडले नाहीत, तेव्हा लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. बसून बसून पाय बधिर व्हावा आणि त्याला कोणी चिमटा काढावा, तसं त्यांना सगळं लांबून कळत होतं. पुढ्यात येईल ते खात, अंथरूण घातलं की आडवे होत. आपणहून एकच गोष्ट करत. रविवारी काठी घेऊन समुद्रावर जात. आणि आमिष फस्त झालेला नुसता गळ घेऊन परत येत.

मुलाला हे बघवेना. वाऱ्यात बसायचं, सर्दी घेऊन यायचं, हाती काही नाही. त्याच्या कचेरीतल्या एकाला गळाची काठी हवी होती. मुलाने चाचरत विषय काढला. मास्तर म्हणाले, "या रविवारी बघतो. नाही लागला, तर देऊन टाक."

ते इतक्या सहज म्हणाले, की जेवण वाढणाऱ्या सुनेचा हात थांबला. काठी गेली की हा माणूस खोलीच्या बाहेर पडायचा नाही, हे तिला दिसत होतं. रात्रभर तिने विचार केला असावा, कारण सकाळी चहा ठेवताना तिने सरळ विचारलं.

"बाबा, ती दोरी तुम्हाला दिसते तरी का?"

"नाही."

"मग कळतं कसं?"

मास्तरांनी चहा संपवला आणि चपला घातल्या.

गळाच्या सामानाच्या दुकानदाराला सगळे कप्तान म्हणत. तो जन्मात एकदाच होडीत बसला होता आणि किनारा सुटायच्या आत त्याला ओकारी झाली होती. त्याने हिरवी, निळी, पिवळी, नारिंगी, सगळी रिळं मांडली. मास्तर प्रत्येकाचा एकेक पदर ओढून स्वतःच्या कोटावर ठेवू लागले, तसा तो म्हणाला, "मास्तर, माशाला सूट शिवायचाय का?"

मास्तरांनी विचारलं, मासा कोणत्या रंगाला बिचकतो.

"माशाचं सोडा. त्याच्या तोंडाशी दोन हात बिनरंगी दोरी जोडून देतो. मागचा रंग माशासाठी नसतो हो, बसणाऱ्यासाठी असतो."

मास्तर चारी पदर घेऊन रस्ता ओलांडून समुद्राकाठच्या कठड्याशी गेले आणि एकेक समुद्रासमोर धरून पाहू लागले. हिरवा लगेच गेला. निळाही गेला. पिवळा पाण्यावर राहिला, पण जरा वर धरला की ढगातल्या उजेडात विरला. नारिंगी कुठेच जाईना. करड्या कापडावर असला धागा कोणी घातला असता, तर त्यांनी तो तिथल्या तिथे उसवायला लावला असता. हात लांब करून ते बराच वेळ बघत राहिले. मग आत येऊन म्हणाले, "ही दे."

रविवारी त्यांनी काठी वाळूत रोवली आणि शेजारी बसले. काठीच्या शेंड्यापासून लाटांपर्यंत नारिंगी रेघ सरळ दिसत होती. इतकी वर्षं ते नक्की कुठे बघत बसत होते, ते त्यांना आठवेना.

बऱ्याच वेळाने रेघ ताणली गेली. सैल पडली. पुन्हा ताणली.

मास्तरांनी ते नीट पाहिलं. हात मांडीवर होता, तो तिथेच राहिला. त्याला सवय बघण्याची नव्हती, ऐकण्याची होती. रेघ तिसऱ्यांदा हलली, आणि हात वाट बघत होता.

"अहो, हलली," मास्तर म्हणाले.

आवाज घोगरा आला, त्यांचाच. पण हात उठला.

मासा बेताचा होता. आनंद झाला असं काही म्हणता येणार नाही. बोटं गारठली होती आणि पाठ धरली होती. त्यांनी तो ओल्या फडक्यात गुंडाळला, नवीन आमिष लावलं आणि दोरी पुन्हा टाकली.

घरी सुनेने फडकं उघडलं आणि मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर चपला काढत होते.

"त्याला सांग," ते मुलाला म्हणाले, "काठी द्यायची नाही म्हणून."

मग हात धुवायला आत गेले. कोटाच्या बाहीला नारिंगी दोरीचं टोक चिकटलं होतं. सुनेला ते दारातून दिसत होतं.