उजवी बाजू

लिपस्टिकचा रंग ओठांवर लावून बघू देत नाहीत. मनगटाच्या आतल्या बाजूला रेघ ओढून बघायची. आठवडी बाजारात टिकल्या-बांगड्यांच्या गाड्यावर मी उभी राहिले की माझ्या मनगटावर रेघांवर रेघा होत. गाडेवाली म्हणे, "झालं का रंगवून? आता एखादी घे, न्हाईतर हात तरी हितंच ठिवून जा." बाकीच्या बायका हसत. मी खाली मान घालून त्यातल्या त्यात स्वस्त अशी एक घेई आणि हात पदराखाली धरून घरी येई. घर आलं तरी त्या रेघा पुसायचं माझ्या जिवावर येई.

मी काळी आहे. गालांवर मुरुमांचे खड्डे आहेत. हे मला लहानपणापासून इतक्या जणांनी सांगितलंय की आरसा नसता तरी चाललं असतं.

माहेर जत तालुक्यातलं. चौथीनंतरची शाळा लांब होती आणि घरात मेंढरं होती, म्हणून चौथीतच सुटले. वाचायची सवय राहिली ती पावडरच्या डब्यांवरच्या आणि क्रीमच्या पुड्यांवरच्या अक्षरांमुळे. लग्न चुलत बहिणीच्या मांडवातच उरकलं. तिच्यासाठी पार्लरवाली आणली होती. तिचं आवरून होईपर्यंत मी बाजूला पाटावर बसून होते. मला वाटलं, आता माझा नंबर. पार्लरवालीनं डबा मिटला आणि जेवायला गेली. काकू म्हणाली, "हिला कशाला? हिच्यावर काय दिसणार हाय?" टँकरच्या पाण्याचे दिवस होते, माझी हळद अर्ध्या बादलीत काढली. लग्नाच्या फोटोत मी आहे. मुंडावळ्यांच्या मागे एक काळी हनुवटी दिसते, ती माझी.

तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. एकदा कुणीतरी मला समोर बसवून नवरीसारखा पूर्ण चेहरा करावा. लग्न पुन्हा करायचं नव्हतं. चेहरा तेवढा बघायचा होता.

माधवनगरला आले. नवरा यंत्रमागावर कामाला, सासू दुपारी शेजारी जाऊन बसायची. ती दुपार माझी. गल्लीतल्या पार्लरमध्ये मी सकाळी झाडलोट करते, तिथल्या संपत आलेल्या बाटल्या आणि फुटलेल्या डब्या मला मिळतात. त्या मी पिठाच्या डब्यामागे ठेवते. गोऱ्या बायकांसाठी केलेलं फाउंडेशन माझ्या तोंडावर राखेसारखं दिसायचं. एकदा त्यात विटकरी लिपस्टिकचा कण मिसळला, बोटानं घोटला आणि गालावर लावला. ते कातडीत मुरलं. खड्डे होते तिथंच होते, पण ओरडत नव्हते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. मोबाईलवर बघून डोळ्याच्या कडेला काजळाची शेपूट काढायला शिकले. एक डोळा जमायचा, दुसरा पुसून पुसून लाल व्हायचा. सासू यायच्या आधी खोबरेल लावून सगळं काढायचे.

कधी काढायचं राहून जाई. सासू हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडं वळवी. "आगं ए, तमाशाच्या फडात नाव घातलंयस का काय? कुणाला दाखवायचं हाय?" नणंद आमच्याच गल्लीत दिलेली, ती रोज असायची. ती म्हणे, "आये, बोलू नको गं. भिताडाला चुना लावला तर भिताड तरी उजळतंय. वहिनीचं तसं बी न्हाई." नवरा काही बोलत नसे. तो माझ्याकडं बघतच नसे, त्यामुळे त्याला बोलायला काही सापडत नसे. मला हाक मारायची तर तो "ए" म्हणतो. इतक्या वर्षांत त्यानं दुसरं काही म्हटलेलं नाही.

एक दिवस पार्लरवाली म्हणाली, "सांगलीत पुण्याच्या मॅडमचा क्लास हाय. नवरीचा मेकअप शिकवणार हाईत. तोंड द्यायला बाई पायजे. येतीस का तू?"

"मी?" मी म्हटलं. "माझ्या तोंडावर?"

"तुझ्यासारखंच पायजे म्हणाल्यात," ती म्हणाली.

ते ऐकून मला आनंद झाला. तुझ्यासारखं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

क्लास एका मंगल कार्यालयात होता. मला सगळ्यांच्या समोर उंच खुर्चीवर बसवलं आणि तोंडासमोर गोल दिवा लावला. मॅडम माझ्या गालावर कंगव्याचं टोक टेकवून म्हणाल्या, "नीट बघा. खड्डे, वांग, डोळ्यांखाली काळं. सगळे प्रॉब्लेम एकाच चेहऱ्यावर मिळायला नशीब लागतं." बायका हसल्या. आमची पार्लरवालीही हसली. मॅडम मला म्हणाल्या, "मावशी, डोळे मिटा." मी त्यांच्याहून लहानच असेन.

त्यांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध पांढरी चिकटपट्टी लावली, नाकावरून सरळ. मग उजव्या बाजूला काम सुरू केलं. ओला स्पंज गालावर थापटत होता. ब्रश भुवईवरून गेला तेव्हा अंगावर काटा आला. एवढा वेळ माझ्या तोंडाला कुणी हात लावलेला नव्हता. त्या बोलत होत्या ते लागत होतं, पण हात इतका हलका होता की मी म्हटलं, बोलू दे. डोळे मिटून मी प्रत्येक गोष्ट मनात ठेवत होते. आधी नारिंगी, मग कातडीचा रंग, मग पावडर दाबून, मग गालाच्या हाडाखाली सावली. पापणीला खोटे केस चिकटवले. डोक्यावर शालूचा पदर टाकला, उजव्या नाकपुडीला चापाची नथ लावली.

"उघडा," त्या म्हणाल्या आणि पट्टी ओढली.

आरशात उजव्या बाजूला नवरी होती. खड्डा नाही, डाग नाही, डोळा माझ्या डोळ्याच्या दुप्पट. नाकाच्या मध्यावर ती संपत होती आणि पलीकडं मी होते. रोज असते त्याहून वाईट दिसत होते. बायका मोबाईल घेऊन पुढं आल्या. कुणीतरी म्हणालं, "मावशी, हसा की." मॅडम म्हणाल्या, "हसू नका, थर फाटतो."

फोटो झाले. पदर काढला, नथ काढली. बायका जेवायच्या हॉलकडं निघाल्या. मी खुर्चीतून उठले नाही. परक्या माणसाशी मी आपणहून कधी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले.

"मॅडम, ही बाजू?"

त्या हात पुसत होत्या. "कुठली?"

"डावी."

"डावी केली तर फरक कसा दिसणार?" असं म्हणून त्या पार्लरवालीकडं वळल्या. "तुम्ही सांगितलं नव्हतं का हिला?"

पार्लरवाली माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तिकडं नळ हाय, धुऊन घे जा." तेवढ्यात मॅडमबरोबर आलेली मुलगी माझ्यासमोर वाकली. "एक मिनिट हं, ही पापणी परत वापरायची असते." तिनं चिमटीत धरून ओढली. माझे दोन-चार केसही त्यात गेले. डोळ्याला पाणी आलं तर ती म्हणाली, "रडू नका हं, रंग वाहील." मी रडत नव्हते.

नळापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हटलं, सगळं मनात आहे. घरी डब्या आहेत. तास-दीड तासात डावी बाजू मीच करीन आणि एकदा पूर्ण बघून मग धुवीन. डावा गाल पदराखाली घेऊन वडापच्या रिक्षात बसले. उजवीकडच्या म्हाताऱ्या बाईनं सरकून जागा दिली आणि विचारलं, "लगीन हाय व्हय घरात?" उतरताना पदर सुटला. तिनं बघितलं आणि तोंड फिरवलं.

घरात नणंद होती. मी सरळ स्वयंपाकघरात शिरत होते, तिनं दंड धरला. आधी ती घाबरली, मग लागली हसायला. "आये, बाहेर ये. जत्रेतला खेळ आलाय." मला दारातल्या पायरीवर बसवलं आणि शेजारणींना हाका घातल्या. "हिकडनं बघा. आता तिकडनं बघा." मला ती हनुवटीला धरून वळवत होती. एक शेजारीण म्हणाली, "पैसं अर्धंच दिलं हुतं का काय?" दुसरी म्हणाली, "ह्या बाजूनं सून आणली असती तर मामींनी मिरवली असती." सासू पदर तोंडाला लावून हसत होती. सासूला तसं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. कुणी उठायचं नाव घेईना. दिवेलागण झाली तेव्हा त्या उठल्या. डाव्या बाजूची वेळ निघून गेली होती.

मी आत जाऊन चुलीपाशी पाटावर टेकले. तेवढ्यात नवरा आला. दारातून त्याला माझी उजवी बाजू दिसली. तो थांबला. केसांवरची कापसाची तूस हातानं झटकली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाला, "बसा, बसा. आये, पाव्हण्यास्नी पाणी दिलंस का?"

हा आवाज त्याच्याकडं आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मऊ होता, जरासा लाजरा. मी वळले नसते तर तो अजून काय बोलला असता, कोण जाणे. पण सासू फिस्सकन हसली आणि मी वळले.

"हात् तिच्या," तो म्हणाला. बटण पुन्हा सोडलं.

ताट वाढलं. जेवता जेवता तो भाकरीकडं बघत म्हणाला, "ए, त्या अंगानं बस की जरा."

मी बसले. डावी बाजू भिंतीकडं, उजवी त्याच्याकडं. तो सावकाश जेवला, मधूनमधून वर बघत होता. एक भाकरी जास्त खाल्ली. मी उठून खोबरेल लावलं तेव्हा म्हणाला, "लगीच काढलंस?"

पार्लरवालीनं तो फोटो मोठा करून दारावर लावला. तिच्याकडं आता नवरीच्या मेकअपची बुकिंग जास्त येतात. मी सकाळी त्याच्याखालची फरशी पुसते. येणाऱ्या मुली फोटोकडं बघून म्हणतात, "बाई गं, कसली हुती आणि कसली केली," आणि माझ्या ओल्या फरशीवरून चपलांसकट जातात. नवऱ्यानं तो फोटो मोबाईलवर मागून घेतला आणि डावी बाजू कापून टाकली. मी फोन लावला की त्याच्याकडं ती अर्धी बाई वाजते.

मागच्या महिन्यात सासू आणि नणंद एका बारशाला गेल्या. दुपारभर घर माझं होतं. दोन्ही बाजूंना बरोबरीनं हात चालवला. उजव्या गालाला जे लावलं ते लगेच डाव्याला. एक पुढं, एक मागं असं होऊ दिलं नाही. मॅडमसारखं झालं नाही. खड्डे दिसत होते, डाव्या डोळ्याची शेपूट खाली गेली होती. पण नाकाच्या मध्यावर काही संपत नव्हतं. हिरवी साडी नेसले आणि दाराकडं तोंड करून बसले. पूर्ण चेहरा बघायचा होता तो बघितला होता. आता तो आवाज ऐकायचा होता.

तो आला. दारातच त्यानं बघितलं. बटणाकडं हात गेला नाही.

"तूच केलंस व्हय," तो म्हणाला. "त्या बाईनं केलेलं बरं हुतं." मग चपला काढता काढता म्हणाला, "ए, भाकरी टाक."

मी चूल पेटवली. तोंड धुतलं नाही. साडीही बदलली नाही. भाकरी थापताना पीठ उडून गालावर बसत होतं, दोन्ही गालांवर. तो ताटावर येऊन बसला आणि त्या दिवसासारखंच म्हणाला, "त्या अंगानं बस."

मी समोर बसले, सरळ त्याच्याकडं तोंड करून. त्यानं एकदा बघितलं, मग पूर्ण जेवण होईपर्यंत ताटातच बघत राहिला.