वेलीने न दिलेलं वचन

मोठ्या जाऊबाईंच्या ओट्यावर गुळवेलीच्या काड्या ठेचून ठेवल्या होत्या. शेजारी मधुमेहाच्या गोळ्यांची स्ट्रिप होती, आठवडाभर हात न लावलेली.

"काढा नाही केलात?" मी विचारलं.

"उकळलं की त्यातले मायक्रोआरएनए मरतात गं. कच्चा रस घेतला की ते रक्तात जाऊन आपली जनुकं सुधारतात. ग्रुपवर आलंय. मग गोळ्या कशाला?"

पिढ्यान्‌पिढ्या पाणी चौथाईवर येईपर्यंत आपण काढा आटवला, आणि एका फॉरवर्डने गॅस बंद!

मला चीड जाऊबाईंची आली नाही. वनस्पतींत हे अतिसूक्ष्म रेणू असतात, हे खरंच आहे. कुठल्या जनुकाने कधी गप्प बसायचं, हे ते वेलीच्या पेशीत ठरवतात. पण माणसाच्या पोटात ते टिकतात का, टिकले तर काही करतात का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. त्यांच्या वाक्यातला 'कदाचित' तेवढा कुणीतरी खोडला आणि उरलेलं वाक्य बाजारात आणलं. वेल बिचारी स्वतःला पानं फुटावीत म्हणून खपते. तिने आपल्याला कसलंही वचन दिलेलं नाही.

"साखर तपासलीत?"

"म्हटलं, आधी गुण तर येऊ दे."

मी कपाटातलं यंत्र काढून त्यांचं बोट टोचलं. चढलेला आकडा पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"डॉक्टरांना फोन लावते," मी म्हटलं. "आणि तो मेसेज पुढे कुणाला पाठवलात?"

"माहेरी," त्या हळूच म्हणाल्या. "सगळ्यांनाच."