दोरीवरची निळ्या काठाची साडी

दोरीवर बाळाचे लंगोट वाळताहेत. उकळत्या पाण्यातून काढायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे आणि दिवेलागणीच्या आत घडी करून डब्यात ठेवायचे, हा माझ्या आईचा शिरस्ता. आज वाऱ्यानं ते सगळे एकदम फुगले आणि मला आईची निळ्या काठाची सुती साडी दिसली. तुकडे झालेली, तरी अख्खी.

मीच सहज म्हटलं होतं, विकतचे डायपर परवडत नाहीत आणि लंगोट कमी पडतात. "नवं कापड टोचतं गं त्याला," म्हणत तिनं शेवटची मऊ साडीही फाडली. आता ती भर उन्हाळ्यात आहेरातली पॉलिस्टरची साडी नेसून लंगोट पिळते.

बाळाच्या अंगावर साधं पुरळ नाही. आईची मान घामोळ्यांनी लाल झाली आहे. पावडर लावायला गेले, तर मान चुकवत म्हणाली, "बाळाची आहे, संपेल."