नातीच्या कंपनीची चौकशी

नात मुलाखतीहून हसत परत आली की मला शंका यायची. पहिलीहून हसत आली, नोकरी न्हाई. दुसरीहून तर जिलबी घेऊन आली, तिथंही न्हाई. मी विचारलं, "नापास झालीस, मंग जिलबी कशाची?" तर म्हणे, "आबा, पॉझिटिव्ह राहायचं." आमच्या वेळी नापास झालेलं पोरगं गोठ्यात तोंड लपवून बसायचं. मला वाटलं, ही मुलाखतीला जाते तरी का?

मी शाळा दुसरीत सोडली. पण सही करतो, अंगठा कधी दिला न्हाई. आन हसनाबादकडं सोयरीक जमवायची तर लोक आधी मला पाठवायचे. त्याची एक रीत आहे. ज्या घरात पोरगी द्यायची त्या घरी आधी जायचंच न्हाई. त्या गावात न्हाव्याकडं बसायचं, पिठाच्या गिरणीत बसायचं. बैल पाहायला आलो म्हणायचं आन बोलता बोलता त्या घराची सगळी माहिती काढून घ्यायची. लोकांच्या कितीतरी सोयरिकी मी अशा तपासल्या. एकच तपासली न्हाई, माझ्या लेकीची. स्थळ ओळखीचं होतं, कशाला त्यांचा अपमान करायचा म्हणलं. लेक तीन वर्षांत माघारी आली, कडेवर ही नात घेऊन. तवापासून मी कुणाच्या शब्दावर जात न्हाई.

नात शेतीची बीएस्सी झाली. तिच्या मामानं, म्हणजे माझ्या पोरानं, सांगून ठेवलं होतं की दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, न्हाई तर आष्टीचं स्थळ पक्कं. त्या स्थळाची चौकशी मी करून आल्तो. नवऱ्या पोराचं नाव काढलं तसा गिरणीवाला गप्प झाला आन पट्टा नीट करायला लागला. पट्ट्याला काहीच झालेलं नव्हतं. घरी येऊन सांगितलं तर पोरगं म्हणतं, "आबा, तुम्हाला देवातही खोट दिसंल."

तिसरी मुलाखत जालन्याला, एका बियाण्याच्या कंपनीत होती. मला डोळे दाखवायचेत असं सांगून मी तिच्यासंगं एसटीत बसलो. ती कंपनीच्या गेटातून आत गेली, ते डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे मुलाखतीची गोष्ट खरी होती. मंग मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो.

"कांद्याचं बी पाहायला आलो," मी टपरीवाल्याला म्हणलो. "कंपनी कशी आहे?"

"बी चांगलं आहे."

"आन माणसं? पगार बराबर होतो का? पोरी आहेत का कामाला?"

"पोरी येतात बाबा, पण वर्षभर टिकत न्हाईत."

"का बरं?"

टपरीवाला गप्प झाला आन कप धुवायला लागला. कप धुतलेलेच होते.

शेजारी साध्या सदऱ्यातला एक माणूस चहा पिऊन राह्यला होता. तो म्हणाला, "बाबा, मी याच कंपनीत आहे. बी इथं विकत न्हाईत, दुकानात मिळतं. पण चला आत. मॅडमला आत्ता एक शेतकरी पाहिजेच आहे."

"शेतकरी कशाला पाहिजे?"

"चला तर. चहा फुकट."

फुकट म्हणलं की मला शंका येते, मी उठत न्हाई. पण आत नात होती. उठलो.

त्यानं मला सरळ मुलाखतीच्या खोलीत नेलं. टेबलामागं एक मॅडम, समोर नात. मला पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. मॅडम तिला म्हणाल्या, "हे शेतकरी आपलं कांद्याचं बी घ्यावं की न्हाई या विचारात आहेत. यांना समजावून सांगा. हीच तुमची परीक्षा."

मी नातीला डोळ्यानं खुणावलं, चालू दे. मी मुंडी हलवली असती, हो हो म्हणलो असतो, नोकरी तिथंच पक्की होती. पण ती उभी राहिली.

"मॅडम, हे माझे आजोबा आहेत. हे बी घ्यायला आलेले न्हाईत. तुमची चौकशी करायला आलेत."

मला वाटलं, जमीन फाटावी. जन्मात माझी चौकशी कुणी पकडली नव्हती, आन पकडली ती घरच्या पोरीनं. मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला.

"मंग आजोबा, काय कळलं?"

आता लपवायचं काय? "पोरी वर्षभर टिकत न्हाईत म्हणतात. का टिकत न्हाईत, ते टपरीवाला सांगंना."

सदऱ्यातला माणूस खिडकीकडं पाहायला लागला. मॅडम मात्र म्हणाल्या, "खरं आहे. बियाण्याचे प्लॉट लांब लांबच्या गावांत असतात. संध्याकाळी यायला गाडी मिळत न्हाई. घरचे चिडतात, पोरी काम सोडतात."

"मंग गाडी का देत न्हाई?"

"आबा!" नात म्हणाली.

"तू गप. हे सोयरिकीच्या आधीच विचारायचं असतं."

मॅडमनी दोघांनाही बाहेर बसायला सांगितलं, आन जरा वेळानं "कळवतो" म्हणून घरी लावून दिलं. कळवतो म्हणजे काय, ते मी ओळखतो.

परतीच्या एसटीत नात हसली न्हाई. खिडकीकडं तोंड करून बसली. राजूर गाव मागं पडलं तरी तशीच.

"पॉझिटिव्ह राहायचं ना?" मी म्हणलो.

"ते घरी दाखवायला होतं आबा," ती म्हणाली. "हसत आले की मामाला वाटायचं, पुढची तरी लागंल. मी रडत आले असते तर त्यानं दुसऱ्या दिवशी आष्टीला फोन केला असता, आन तुम्ही अडवू शकला नसता."

म्हणजे इतके दिवस तिच्या हसण्यात मला खोट दिसत होती, ती होतीच. फक्त कशासाठी होती, ते मला कळलं नव्हतं. तिचा तिकीट धरलेला हात धरून बसलो.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन आला. तीन महिने कामावर पाहतो, मंग कायम करू, म्हणाल्या. आन प्लॉटवरून पोरींना संध्याकाळी फाट्यापर्यंत सोडायला गाडी लावली आहे, तेवढं आजोबांना सांगा. पोरानं आष्टीचं नाव काढणं बंद केलं. घरात सगळे खुशीत हसले. मी विचारलं, "तीन महिनेच का?"

कामाच्या पहिल्या दिवशी मी चार वाजल्यापासून फाट्यावर बसलो. फोनवर कुणीही काहीही बोलतं. सव्वासहाला पांढरी जीप आली. नात उतरली, धुळीनं भरलेली, आन हसली. हे हसणं मी नीट पाहून घेतलं. बराबर वाटलं.

मंग जीपच्या मागं गेलो आन गाडीचा नंबर खिशातल्या वहीत लिहून घेतला.