ताटावर बसलेली सीडी

किन्हवलीचे जयरामनाना सीडी ड्राइव्हला कान लावून बसत, गाभण म्हशीच्या पोटाला लावावा तसा. सगळं आयुष्य भातगिरणीवर गेलेलं. कान इतका तिखट, की लांबच्या सापगावात कोणी शिंकलं तर नाना घरबसल्या सांगत, "सर्दी नाय, मिरचीचा ठसका हाय." मी स्वतः सापगावात जाऊन शिंकून खात्री केलेली आहे.

व्हायरस लागून लागून त्यांचा कॉम्प्युटर अंथरुणाला खिळला, तेव्हा शाळामास्तराच्या ऐटीत मीच त्यावर व्हायरस सहसा न लागणारं लिनक्स बसवलं. महिन्याभरात चेला फळ्यापाशी आणि गुरू बाकावर! एकदा भजन चालू असताना मी सीडी काढायला गेलो. लिनक्स म्हणालं, काम चालू आहे, देणार नाही. ट्रे जबरदस्तीनं उघडायला मी त्याच्या भोकात टाचणी घालणार, तोच नाना गरजले, "मास्तर, ताटावर बसलेल्याला कोन उठवतं का? जेवू द्या त्याला!"

त्यांची बहीण बायोआक्का पंचक्रोशीतली धवलारीण. तिनं धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गायल्याशिवाय इकडे नवरीला हळद चढत नसे. ती गेली आणि मागे तिच्या आवाजाची एकच सीडी राहिली. नानांच्या लेकीच्या, सुमीच्या हळदीला तीच लावायची ठरली. आदल्या दिवशी सीडी आत सरकवली, तर पडद्यावर उत्तर आलं: आत काहीच नाही.

सुमी रडकुंडीला आली. "बाबा, आत्या पुसली गेली काय?"

मी म्हटलं, लिनक्स उडवू, नवं बसवू!

"गप ऱ्हावा मास्तर. एका टायमाला एकच नट सोडायचा. दोन सोडले तं चोर कोन ते कलत नाय."

ड्राइव्ह जोडलेला आहे का, हे नानांनी लिनक्सला विचारलं. आहे म्हणालं. मग केबल बदलली. ढिम्म. मग भजनाची सीडी घातली. तीही दिसेना, आणि नानांचा चेहरा उजळला! मला वाटलं, धक्क्यानं डोकं फिरलं.

"अगो सुमे, भजनबी दिसत नाय! म्हंजे आत्या हाय जागेवर. डोला ह्याचा गेलाय."

वीज बंद करून त्यांनी ड्राइव्ह उघडला. आत तूरडाळीएवढी लेन्स, आणि तिच्यावर लाल थर. नानांनी थराला बोट लावून नाकाशी नेलं. दसऱ्याला गिरणीची पूजा करतात, तशी त्या सकाळी त्यांनी स्वतःच ट्रे उघडून ड्राइव्हची पूजा केली होती. सात गावच्या सवाष्णींना पुरलं असतं एवढं कुंकू! मग सीडी गरगरली आणि ते उडून डोळ्यात गेलं.

"लय मान दिला रे तुला, चुकलं माजं," म्हणत त्यांनी कापसानं तो डोळा तान्ह्या बाळाचा पुसावा तसा पुसला. सगळं जोडून सीडी घातली, कान लावला. घरघर झाली, आणि बायोआक्का गाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी लांब वायर ओढून स्पीकर मांडवात नेला. धवला ऐकून मुरबाडपर्यंतच्या म्हाताऱ्या पदर सावरून उभ्या राहिल्या म्हणतात. म्हणणारा मीच. नंतर मी सीडीची नक्कल कॉम्प्युटरात उतरवून दिली, पण नाना ऐकत सीडीच. "फिरताना ती जित्ती वाटते."

नाना गेले. तेराव्यानंतर कॉम्प्युटर सुमीच्या सासरी मुरबाडला न्यायचा होता, म्हणून मी सीडी काढायला बसलो. लिनक्स म्हणालं, काम चालू आहे, देणार नाही. पाहिलं, तर स्पीकरची वायर माजघरात गेलेली. आतून हळू आवाजात धवला येत होता, आणि मधूनच सुमीचा हुंदका.

मी काढलेली टाचणी परत खिशाला टोचली आणि ओटीवर जाऊन बसलो.